आधी जहाज, मग गाडी

देवदर्शनाच्या सहली आपले गट वर्षानुवर्षं काढत आलेत. पंढरपूर, तुळजापूर, माहूर हे रस्ते आता पाठ झालेत. अलीकडे मात्र गटाच्या बैठकीत एक नवाच विषय निघतो. मुंबईहून मोठं जहाज सुटतं म्हणे, समुद्रातून गोव्याला जातं, दोन-तीन रात्री त्यातच राहायचं, त्यातच जेवायचं. वर्धा-यवतमाळकडच्या ज्या बाईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, तिला ही हौस वाटली तर नवल कसलं? कोणी हसलं तर हसू द्या. आज आपण ही सहल आखायची कशी, एवढंच बोलू.

आम्ही उदाहरण घेऊ वर्ध्याकडच्या गटाचं, कारण वर्ध्याहून मुंबईला जाणारी रेल्वेची वाट सरळ आहे आणि वाटेत दोन चांगले मुक्काम आहेत. वर्धा, मग शेगाव, मग नाशिक रोड, मग मुंबई. वर्धा ते मुंबई साधारण साडेसातशे किलोमीटर. एकाच रात्रीत अंग आंबवून घेण्यापेक्षा हे तीन तुकडे केले तर तिन्ही प्रवास दिवसाउजेडी होतात. शेगाव तीन-साडेतीन तासांवर, तिथून नाशिक रोड सहा तासांच्या आसपास, आणि तिथून मुंबई साडेतीन-चार तास. गुडघे दुखणाऱ्या बाईलाही हे जमतं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक गट सहल घरापासून आखायला बसतात. अमुक वारी निघू, मग शेगाव, मग नाशिक, मग पोहोचू जहाजाला. जहाजाच्या सहलीत हा हिशोब उलटा मांडावा लागतो. शेगावला दर्शनाची रांग लांबली तर पुढची गाडी धरता येते, नाशिकला एस.टी. चुकली तर तासाभरात दुसरी येते. जहाज मात्र कोणासाठी थांबत नाही. सुटण्याच्या वेळेआधीच, तासभर किंवा त्याहूनही आधी, आत घेणं बंद होतं. आणि सगळ्या सहलीतला सर्वात मोठा पैसा त्या जहाजाच्या तिकिटात अडकलेला असतो. रेल्वेचं तसं नाही. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा धावत असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर मुदतीत अर्ज केल्यावर रेल्वे तिकिटाचे पूर्ण पैसे परत देते. गाडी उशिरा आली म्हणून चुकलेल्या जहाजाचे पैसे मात्र ना रेल्वे देते, ना जहाजवाले. दोन वर्षं पै-पै साठवून जमवलेली रक्कम बंदराच्या दारात बुडू शकते.

म्हणून कागद घ्या आणि खालून वर लिहा. समजा जहाज शुक्रवारी संध्याकाळी सुटतं. त्याच्या वर लिहा, गुरुवारी दुपारपर्यंत मुंबईत. त्याच्या वर बुधवार, नाशिक, पंचवटी आणि बाजार. त्याच्या वर मंगळवार, त्र्यंबकेश्वर. सोमवारी शेगावहून नाशिक. रविवारी सकाळी वर्ध्याहून निघायचं. यात शेगावचा गुरुवार आपोआप टळला, तेही बरंच झालं, गुरुवारी तिथे गर्दी फार. शनिवारी जहाज असेल तर सगळं एक दिवस खाली सरकवा.

कोणीतरी हुशार बाई म्हणेल, नाशिकहून शुक्रवारीच निघू की! सकाळी सातच्या सुमाराला पंचवटी एक्सप्रेस मिळते, अकराच्या आत मुंबई, जहाज संध्याकाळचं, मग एका रात्रीच्या राहण्याचा खर्च कशाला? कागदावर हे छान बसतं. पण नाशिक आणि मुंबईच्या मधे इगतपुरी-कसाऱ्याचा घाट आहे. चढ इतका की मुंबईकडून येणाऱ्या अनेक गाड्यांना वर चढवायला कसाऱ्याला जादा इंजिनं जोडतात. त्या घाटात एखादी मालगाडी अडकली की मागच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या. कल्याणच्या पुढे तर लोकलच्या गर्दीत वाट काढायची असते. रोज असं होतं असं नाही. पण ज्या दिवशी होईल तो दिवस आपला असला तर? मुंबईतली एक रात्र हा आमच्या मते उधळेपणा नाही, जहाजाच्या तिकिटाचा तो विमा आहे. काटकसर करायचीच असेल तर नाशिकचा एक दिवस कमी करा, ही रात्र नको.

पैशाचं बोलू. सहलीसाठी गटाचा फिरता निधी किंवा बँकेचं कर्ज वापरायचं नाही. ते शेळीला, शिलाई मशीनला, दुकानाच्या मालाला आहे. सहलीची भिशी वेगळी लावा, वही वेगळी ठेवा आणि ज्या जाणार त्यांनीच भरा. न जाणाऱ्या बाईच्या बचतीतला रुपया त्यात येता कामा नये. एखादी ऐनवेळी गळाली तर तिचे किती पैसे परत द्यायचे, याचा ठराव निघण्याआधी इतिवृत्तात लिहा. हे आधी झालं नाही तर सहलीनंतर गट फुटतो.

जहाजाचं तिकीट घेताना एकच प्रश्न तीन-तीनदा विचारा, "सगळं धरून माणशी किती?" जाहिरातीत दिसतो तो आकडा नुसत्या भाड्याचा असतो. त्यावर बंदराचं शुल्क, सेवेचा आकार, जीएसटी असं बरंच चढतं. खोलीचं भाडं बहुधा दोघींच्या हिशोबानं असतं आणि त्याच खोलीत तिसरी-चौथी आली तर तिला कमी पडतं. म्हणून बारा जणी असाल तर चौघींच्या तीन खोल्यांचा भाव काढा. खिडकी नसलेली आतली खोली सर्वात स्वस्त. दिवसभर आपण वरच्या मोकळ्या मजल्यावरच राहणार, तेव्हा झोपायला ती पुरते. पण कोंडल्यासारखं वाटणारी कोणी असेल तर तिला आधी सांगा.

दुसरा प्रश्न, जहाज जातं कुठे? काही फेऱ्या गोव्याला थांबतात, काही लक्षद्वीपकडे जातात, आणि काही नुसत्या समुद्रात फिरून परत येतात, कुठेच उतरवत नाहीत. गोवा बघायचं म्हणून पैसे भरले आणि गोवा आलाच नाही, असं व्हायला नको. गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं, तेही काही तासांसाठीच. तिथून मंगेशीला जाऊन यायला दीड-दोन तास सहज जातात, म्हणजे एकच ठिकाण धरा. आणि हिंदी-इंग्रजीत सांगितलेली परतीची वेळ नीट ऐका. तिथेही जहाज थांबत नाही.

एजंटकडून तिकीट घेतलं तर त्याच्या चिठ्ठीवर समाधान मानू नका. बुकिंगचा क्रमांक घ्या आणि जहाज कंपनीला स्वतः फोन करून सगळी नावं लागली आहेत का ते विचारा.

नावांचं तर फारच जपा. आपल्या बायकांची नावं कागदोपत्री दोन-दोन असतात. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं. गावात सगळे सुमनबाई म्हणतात म्हणून तिकिटावर सुमनबाई, आणि आधारवर नुसती सुमन. रेल्वेत तपासनीस एखाद्या वेळी समजून घेईल, बंदरावर मात्र जहाज चढण्याआधी विमानतळासारखी तपासणी असते. प्रत्येकीनं आधार समोर ठेवून त्यावर जसं आहे तसंच नाव लिहून द्यावं. लग्नानंतर आधार बदलायचं राहिलंय, त्या बाईनं मध्येच बदलू नये. एकतर तिकिटाआधी बदला, नाहीतर सहलीहून आल्यावर.

जहाज पक्कं झालं की रेल्वे. सध्या आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आधी ते १२० दिवसांचं होतं. म्हणजे निघायच्या दोन महिने आधी सकाळी आठला एक जण खिडकीवर किंवा मोबाइलवर तयार हवी. तीन तुकडे तीन वेगळ्या तारखांचे, तेव्हा तिन्हींचे दिवस वहीत मांडून ठेवा, परतीचाही. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. पण इथे एक गोम आहे. ४५ वर्षं पूर्ण झालेल्या बायकांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो आणि तो एका तिकिटावर एक किंवा दोनच जणी असतील तरच लागतो. सहा जणींचं एकच तिकीट काढलं तर तो हक्क जातो. म्हणून वयानं मोठ्या, गुडघे-कंबर दुखणाऱ्या बायांची दोन-दोन जणींची तिकिटं वेगळी काढा, बाकीच्यांची एकत्र. दिवसाच्या प्रवासात एवढं अडत नाही, पण परतीच्या रात्रीला अडतं. साठीच्या पुढच्यांना मिळणारी भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा ती हिशोबात धरू नका. वेटिंगवर विसंबू नका. वेटिंगच्या तिकिटावर आता आरक्षित डब्यात बसता येत नाही. तत्काळवरही नको, तिथे एका तिकिटावर चौघीच, आणि ते मिळेलच असं नाही.

गाडी निवडताना ती जाते कुठून ते बघा. महाराष्ट्र एक्सप्रेस वर्ध्याला थांबते, शेगावला थांबते, पण मनमाडहून ती दौंड-पुण्याकडे वळते, नाशिकला जात नाही. शेगावच्या फलाटावर आली ती पहिली गाडी धरली की असा घोटाळा होतो. वाटेत काही अडचण आली, कोणी त्रास दिला, आजारी पडलं, तर १३९ हा एकच क्रमांक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

मुक्कामांचं थोडक्यात. शेगावला संस्थानाचे भक्तनिवास स्वच्छ आणि परवडणारे आहेत. नाशिक रोड स्टेशनपासून पंचवटी आठ-दहा किलोमीटर लांब आहे. नाशिक ते त्र्यंबक तीसेक किलोमीटर, एस.टी.नं जा, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात मात्र नाशिकचा मुक्काम यादीतून काढा.

मुंबईत उतरायचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, तिथून अगदी जवळ, टॅक्सीनं पाच-दहा मिनिटं. म्हणून रात्रीची सोय याच भागात बघा, दादर-ठाण्याला नातेवाईक असले तरी. सामान ठेवायच्या खोलीत कुलूप नसलेली पिशवी घेत नाहीत, तेव्हा प्रत्येकीच्या बॅगेला छोटं कुलूप हवं. गुरुवारी दुपारी वेळ असेल तर गेटवेवरून बंदरात फेरी मारणाऱ्या लाँचमध्ये बसून या. कोणाला पाणी लागतं ते आदल्या दिवशीच कळतं. पण लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बसू नका. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाकडे निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या बोटीची धडक बसून उलटली, त्यात माणसं गेली. जॅकेट मिळालं नाही तर उतरा.

महिना कोणता? दिवाळी उलटल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. तेव्हा समुद्र शांत असतो. पावसाळ्यात दर्या कसा असतो, हे कोकणातल्या म्हाताऱ्यांना विचारा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आजची मोठी जहाजं वेगळी आहेत, तरीही पावसाळ्याची फेरी स्वस्त मिळाली म्हणून भुलू नका.

जहाजावर चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या खोलीत यायला दोन-चार तास लागतात. म्हणून बीपीच्या, साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन, आधार, एक साडी किंवा ड्रेस आणि पॅड खांद्यावरच्या पिशवीत. गोळ्या पाकिटासकट, सुट्या पुडीत नकोत. चिवडा-लाडूचे डबे गाडीतच संपवा, बाहेरचं खाणं जहाजावर सहसा घेऊ देत नाहीत. विळी, चाकू, पाणी तापवायची किटली, काडेपेटी तर नाहीच. गटात कोणी गरोदर असेल तर तिकिटाआधी विचारा, सहाव्या महिन्यापुढे बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

आत गेल्यावर एक भोंगा वाजतो आणि सगळ्यांना एका जागी बोलावून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. तेव्हा फोटो काढत बसू नका, जा आणि आपली जागा बघून ठेवा. भाषा कळली नाही तर पुन्हा विचारा, तो आपला हक्क आहे. मळमळ सुरू झाली तर खोलीत पडून राहण्यापेक्षा जहाजाच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत बसा, नजर दूर आकाश टेकतं तिथे ठेवा. कोरडं काहीतरी खा, आल्याचा तुकडा चघळा. गोळी हवी असेल तर निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरला विचारून घ्या, विशेषतः बीपीवाल्यांनी.

आणि मोबाइल. किनारा दूर गेला की आपलं नेटवर्क जातं आणि फोन जहाजाचं नेटवर्क पकडू शकतो. त्याचे दर इतके असतात की घरी केलेला एक फोन पाकीट रिकामं करतो. जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर टाका. घरी आधीच सांगून ठेवा की उद्यापर्यंत फोन लागणार नाही, काळजी करू नका. नाहीतर इकडे आपण सूर्य बुडताना बघतोय आणि तिकडे नवरा पोलीस ठाण्यात!

परतीला जहाज सकाळी मुंबईला लागतं, पण सगळ्यांना उतरवून बॅगा मिळेपर्यंत दुपार होऊ शकते. दुपारच्या सेवाग्राम एक्सप्रेसच्या मागे धावू नका. संध्याकाळची विदर्भ धरा, ती दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याला सोडते.