वाचायला वेळ कुठला?

"गुरुजी, अक्षरं आली. पण आता वाचायला वेळ कुठला?"

हा प्रश्न आम्ही फार वेळा ऐकला आहे. विचारणारे काही आळशी नव्हते. पहाटे उठायचे, शेण काढायचे, धार काढायची, मग दिवसभर शेत. बायकांचे तर पाणी, चूल, भाकरी, शेत आणि परत चूल. रात्री पाठ टेकली की डोळा लागतो. अशा माणसाने पुस्तक हाती घ्यायचे तरी कधी?

पूर्वी आम्ही सांगत असू, "रोज रात्री तासभर बसा." आम्ही मास्तर माणसे. घंटा झाली की तास सुरू, असेच आमचे डोके चालायचे. पण तो सल्ला चुकीचा होता.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येत. उन्हाळ्यात त्या मुळाक्षरे शिकल्या, बाराखडी शिकल्या, जोडाक्षरांपर्यंत पोचल्या. मग पाऊस झाला, पेरणी आली, वर्ग बंद पडला. तासभर वेळ मिळेना, म्हणून त्यांनी पुस्तक फडताळात ठेवून दिले. दिवाळीला लेकीने सासरहून पाव्हण्याच्या हाती चिठ्ठी धाडली. बाईंनी ती उघडली. अक्षरे ओळखीची वाटली, पण शब्द काही जुळेना. शेवटी शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावी लागली. लेकीने आईपुरते लिहिले होते, ते साऱ्या ओसरीने ऐकले. बाई आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, शिकलेच नसते तर एवढं लागलं नसतं."

आम्ही मान खाली घातली.

शिकलेले माणूस विसरते कसे, हे एबिंगहाऊस नावाच्या जर्मन विद्वानाने शोधून काढले. प्रयोग त्याने स्वतःवरच केला आणि १८८५ साली छापला. ज्यांना काही अर्थ नाही असे तुकडे तो पाठ करी, आणि किती वेळाने किती आठवते ते मोजी. त्याला दिसले की विसरण्याचा जोर पहिल्या दिवसातच सर्वांत जास्त असतो. पुढे तो मंदावतो. दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची. बारा तुकड्यांची माळ एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढे साधे, तेवढेच तीन दिवसांत वाटून ३८ वेळा घोकून साधले. म्हणजे मेहनत जवळजवळ निम्मी झाली, बरं का! पिकाचेही असेच आहे. सगळे पाणी एकदम सोडले तर वाहून जाते. पाळीपाळीने दिले तर मुळाशी मुरते.

तेव्हा तास नको. पाच मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. आणि ती वेगळी काढायला नकोत. गिरणीत दळणाचा नंबर लागेपर्यंत आपण उभेच असतो. डेअरीवर दूध घालताना रांग असते. फाट्यावर एस.टी. यायची असते. तिथे पाटी असते, भिंतीवर काहीतरी लिहिलेले असते. ते वाचावे. अडले तर शेजारच्याला विचारावे, लाजू नये.

काही नसेल तर खिशात नोट असते. शंभराची नोट उलटी करा. एका चौकटीत एकाखाली एक १५ भाषांत तिची किंमत छापली आहे. वरून आठवी ओळ मराठीची. सहावी ओळ कोकणीची, तिचीही अक्षरे आपलीच. ती वाचून पाहा.

खताचे पोतेही वाचण्यासारखे असते. युरियाचे पोते पूर्वी ५० किलोचे होते, २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले. ज्याने पोत्यावरचे वजन वाचले नाही, त्याचा शेतात किती खत पडले हा हिशेब चुकला.

लिहिण्याचेही तसेच आहे. बाजाराची यादी पोराकडून लिहून घेऊ नका. गूळ, मीठ, तेल, काड्यापेटी, एवढे आपल्याला येते. चुकले तरी दुकानदाराला कळते!

आम्ही पाहिले आहे की सर्वांत आधी जोडाक्षरे विसरतात. त्या बाईंनी यावर आपल्या आपण तोड काढली, आम्ही काही शिकवले नव्हते. मुळाक्षरे पुन्हा गिरवून झाल्यावर त्यांनी घरातल्या डब्यांवर कागद चिकटवले. 'ज्वारी', 'मिरच्या', 'शेंगदाणे'. गोठ्याच्या दारावर खडूने 'म्हैस' लिहिले. डबा काढताना, शेण काढताना ती अक्षरे रोज डोळ्यांपुढे येत. म्हशीला बघून पाव्हणे हसत. "तिला नाव वाचता येतं का?" असे विचारत. बाईंनी खडू काही पुसला नाही.

पुढच्या दिवाळीला लेकीची चिठ्ठी परत आली. बाई ती कनवटीला खोचून गिरणीवर गेल्या. रांगेत उभ्या राहून त्यांनी ती दोनदा वाचली, घडी केली आणि परत खोचली. आत काय लिहिले होते ते त्यांनी कोणालाच सांगितले नाही. आम्हालाही नाही.