वेटोळ्याच्या एरियलचा विवर्धक

भंडाऱ्यात लघुलहरींवर दूरचे केंद्र लावू पाहणाऱ्यास पहिला अडथळा होतो तो खरखरीचा. घरातला इन्व्हर्टर, एलईडी दिवे, शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर यांची खरखर लांब तारेच्या एरियलवर सहज चढते. तांब्याच्या नळीचे वेटोळे मुख्यतः चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते, आणि ते फिरवून एखाद्या दिशेची खरखर पुष्कळशी टाळता येते. मात्र त्यातून निघणारा संदेश फार क्षीण. म्हणून त्याच्या बुडाशीच विवर्धक बसवावा लागतो.

वेटोळ्यात उत्पन्न होणारा विद्युद्दाब कंप्रतेबरोबर वाढतो, पण वेटोळ्याचा स्वतःचा अवरोधही तितक्याच प्रमाणात वाढतो. एक मीटर व्यासाच्या वेटोळ्याचा हा अवरोध ७ मेगाहर्ट्झला सुमारे १३० ओहम भरतो. विवर्धकाचा प्रवेश-अवरोध अवघा पाच-सहा ओहम ठेवला, तर प्रवाह सर्व लघुलहरींवर जवळजवळ सारखाच राहतो आणि जुळणीचे बटण फिरवावे लागत नाही. बेस समाईक ठेवलेली ट्रान्झिस्टरांची जोडी हे काम सहज करते.

नवखा माणूस सगळा भर विवर्धकाची स्वतःची खरखर कमी करण्यावर देतो. आमच्या मते रात्री ७ मेगाहर्ट्झला तो खटाटोप व्यर्थ आहे. तेथे विजांची, आकाशातून येणारी खरखरच इतकी असते की ट्रान्झिस्टरची तिच्यात बुडून जाते. पावसाळ्यात तर विचारूच नये. दिवसा, १५ मेगाहर्ट्झच्या वर मात्र ती मोजावी लागते.

खरी कसोटी निराळीच. नागपूर येथून जेमतेम ६० किलोमीटर. तेथे १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १५६६ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॉट शक्तीने सुरू झाली. असा बलदंड संदेश आत शिरला आणि ट्रान्झिस्टर सरळ रेषेत चालला नाही, की दुप्पट ३१३२ वर आणि तिप्पट ४६९८ वर तेच बोलणे ऐकू येते, जिथे वास्तविक कोणतेच केंद्र नाही! दोन ट्रान्झिस्टर परस्परविरुद्ध चालवले म्हणजे दुपटीचे भूत बरेचसे मरते. तिपटीसाठी प्रत्येकातून वीस-तीस मिलिअँपिअर प्रवाह सोडावा. ट्रान्झिस्टर तापतात, त्यांना पत्र्याची टोपी घालावी. खरखर किंचित वाढली तरी हा सौदा आम्हांस पटतो.

केबलच्या बाहेरील जाळीवरून घरातली खरखर परत वेटोळ्यापाशी पोचते. तेव्हा केबलचे दहा-बारा वेढे फेराइटच्या कड्यावर घालावेत, आणि ट्रान्झिस्टर बदलण्याचा विचार त्यानंतर करावा.