टाळू तेलाने भरत नाही

भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीत गेल्या दोन वर्षांत पाच बाळं जन्मली. पाचही घरांत मी तेच वाक्य ऐकलं: ‘टाळू नीट भरली नाही, म्हणून डोक्यात खपल्या धरल्या.’ कुठे आजी म्हणाली, कुठे मालीशवाल्या मावशी, एका घरी तर बाळाच्या वडिलांनीच मला समजावून सांगितलं. उपायही पाचही घरांत एकच: आणखी तेल.

मालीश कशी चालते ते मी जवळून पाहिलं आहे. मावशी पाय पसरून जमिनीवर बसतात, बाळाला पायांवर निजवतात. शेजारी वाटीत कोमट खोबरेल. अंग चोळून झालं की शेवटी टाळू. खोलगट भागावर तेल सोडायचं, चार बोटांनी हलकेच थापायचं, पुन्हा तेल, पुन्हा थाप. तेल कपाळावर आणि कानामागे ओघळतं. अंघोळीत डोक्यावरून नुसतं पाणी घालतात, कारण ‘टाळूवरचं तेल जाता कामा नये.’ मग वेखंड, धुरी आणि कानांवरून घट्ट बांधलेलं टोपडं. ऑक्टोबरचा उकाडा, खाडीवरून येणारी दमट हवा, आणि ते इवलंसं डोकं दिवसभर तेला-घामात बंद. पंधरा दिवसांनी पिवळट खपली दिसते आणि दोष टाळूला दिला जातो.

या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे. ती सोडवली पाहिजे.

आधी टाळू. जन्मताना कवटीची हाडं एकमेकांना सांधलेली नसतात. जन्मवाटेतून डोकं बाहेर यावं आणि पुढे मेंदूला वाढायला जागा राहावी, यासाठी ही सोय आहे. पहिल्या वर्षात मेंदू जवळजवळ दुप्पट होतो. हाडांमधल्या त्या मोकळ्या जागेवर चिवट पडदा असतो आणि त्यावर त्वचा. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत बुजते. पुढची मोठी टाळू बहुतेक मुलांत नवव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत भरते, काही निरोगी मुलांत दोन वर्षंही लागतात. भरते म्हणजे कडेची हाडं वाढत एकमेकांना भेटतात. त्यासाठी कॅल्शियम लागतं, ड जीवनसत्त्व लागतं, थायरॉइड ग्रंथीचं काम ठीक चालावं लागतं. वरून ओतलेलं तेल झिरपून हाड होत नाही. डोक्याला तेलाचा थेंबही न लागलेल्या मुलांची टाळू त्याच वयात भरते. दीड वर्षं रोज तेल घातलं आणि टाळू भरली, म्हणून ती तेलाने भरली असं म्हणणं म्हणजे रोज कुंडीजवळ दिवा लावला म्हणून मोगरा फुलला असं म्हणण्यासारखं आहे.

हा नुसता भाबडा समज असता तर मी इतकी चिडले नसते. पण जुलाब-उलट्या झालेल्या बाळाची टाळू खोल जाते. अंगातलं पाणी कमी झाल्याची ती खूण आहे. अशा वेळी घरात ‘टाळू पडली’ म्हणतात आणि तेलाची वाटी पुढे येते. दोन दोन तास तेल थापत बसतात, आणि त्याच दोन तासांत बाळाची लघवी बंद झालेली असते, तोंड कोरडं पडलेलं असतं. त्या बाळाला आईचं दूध, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ओआरएस आणि तातडीची तपासणी हवी असते. उलट, ताप आहे, बाळ सुस्त आहे किंवा सारखं किरकिरतंय आणि न रडतानाही टाळू वर फुगलेली दिसते, तर मेंदूज्वराची शंका घ्यायची आणि रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. टाळू बाळाच्या तब्येतीविषयी सांगत असते. तिच्यावर तेल थापून ते ऐकू कसं येणार?

आता खपली. जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांत कितीतरी बाळांच्या डोक्यावर, भुवयांत, कानामागे पिवळसर, तेलकट पापुद्रे दिसतात. ही खपली पाहून आया हबकतात, बाळ मात्र मजेत असतं. खाज नसते, दूध नीट पितं, झोप नीट घेतं. आईच्या पोटातून आलेल्या संप्रेरकांमुळे या दिवसांत बाळाच्या त्वचेतल्या तेलग्रंथी जोरात चालतात. डोक्यावर तेल जास्त झालेलं असतं आणि आपण कोरडेपणा समजून त्यात भर घालतो.

त्या तेलावर मॅलासेझिया नावाची यीस्टजातीची बुरशी जगते. ती तुमच्या-माझ्या डोक्यातही आहे, मोठ्यांच्या कोंड्यातही तिचाच हात असतो. २००७ मध्ये या कुळातल्या एका जातीचा, मॅलासेझिया ग्लोबोसाचा, जनुकसंच वाचला गेला. तेव्हा दिसलं की स्निग्धाम्लं स्वतः तयार करण्याचं जनुकच तिच्याकडे नाही. ती आपल्या त्वचेवरच्या तेलातून घेते. प्रयोगशाळेत ती वाढवायची तर बशीत ऑलिव्हचं तेल घालतात. बाळाच्या डोक्यावर ते चोळून चोवीस तास टोपड्यात कोंडायला सांगणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

मीरा-भाईंदरच्या इमारतींमध्ये एकेका मजल्यावर चार प्रांतांची माणसं राहतात, त्यामुळे सल्लेही चार प्रांतांचे मिळतात. उत्तरेकडच्या शेजारणी मोहरीचं तेल सुचवतात, महागडी दुकानं ऑलिव्हचं, आपल्याकडे खोबरेल किंवा एरंडेल. ‘नैसर्गिक आहे, त्रास कसा होईल?’ हे सगळीकडे सारखंच. मँचेस्टरमध्ये ११५ नवजात बाळांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही बाळांच्या अंगाला ऑलिव्हचं, काहींच्या सूर्यफुलाचं तेल चार आठवडे लावलं, काहींना काहीच लावलं नाही. तेल लावलेल्या दोन्ही गटांत त्वचेच्या वरच्या थरातली स्निग्ध द्रव्यांची नैसर्गिक मांडणी तेल न लावलेल्या बाळांइतकी सुघड झाली नव्हती. मोहरीच्या तेलाने त्वचेचं संरक्षक आवरण बिघडतं, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं आहे.

मी तेलाच्या विरोधात नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: अपुऱ्या दिवसांच्या बाळांना खोबरेलाने मालीश केली, तर त्यांचं वजन खनिज तेलाच्या गटापेक्षा चांगलं वाढलं. आईच्या, आजीच्या हाताचा स्पर्श बाळाला हवाच असतो. अंगाला मालीश करा, खुशाल करा. मालीशमुळे टाळू भरते आणि खपली जाते, एवढं मात्र म्हणू नका.

खपलीवर उपाय काय? बहुतेक वेळा काहीच नाही. बाळ वर्षाचं होईपर्यंत ती आपणहून जाते. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात जगभरातल्या सहा चाचण्या, एकूण ३१० मुलं तपासली आणि कोणताही उपाय खात्रीने दुसऱ्याहून सरस ठरला नाही. दिसायला नको वाटत असेल तर अंघोळीआधी अर्धा तास थोडं तेल लावून खपली मऊ करा, बाळाच्या सौम्य शाम्पूने डोकं धुवा आणि मऊ ब्रशने सुटलेले पापुद्रे अलगद काढा. धुताना तेल पूर्ण गेलं पाहिजे, सगळी मेख इथेच आहे. नखाने खरवडू नका, खाली ओली जखम होते आणि तिच्यात पू धरतो. खाली लालभडक दिसू लागलं, पाणी सुटू लागलं, बाळ डोकं घासू लागलं किंवा पुरळ गालांवर आणि कोपरांच्या घडीत उतरलं, तर ती साधी खपली नव्हे. डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्या समजुती एका ओळीत सांगण्यासारख्या आहेत.

आईने दही-आंबट खाल्लं म्हणून खपली धरत नाही. बाळंतिणीच्या ताटातून दही काढून घेऊ नका.

‘डोक्यात उष्णता गेली’ हे खपलीचं कारण नाही. घट्ट टोपड्याने घाम येतो, त्याच्या घामोळ्या होतात, ती वेगळी गोष्ट.

ही खपली संसर्गाने पसरत नाही आणि घर अस्वच्छ असल्याची खूणही नाही. सुनेला ऐकवणं थांबवा.

जावळ काढल्याने केस दाट येत नाहीत. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजमाप करून दाखवलं की वस्तऱ्याने केसाची जाडी, रंग किंवा वाढ बदलत नाही. विधी करायचा तर करा, पण खपलीवर वस्तरा नको आणि पातं प्रत्येक बाळाला नवं.

लिंबू चोळू नका. आग होते, आणि तो रस अंगावर राहून ऊन लागलं तर त्वचा भाजते.

उवा घाणीमुळे होत नाहीत आणि उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. ओल्या केसांवर बारीक फणी रोज फिरवा. डोक्याला रॉकेल लावण्याचा विचारही करू नका.

चाई पडली म्हणजे किड्याने केस खाल्ले असं नाही. शरीराची प्रतिकारशक्ती केसाच्या मुळांवर उलटते तेव्हा असा गुळगुळीत गोल पडतो.

टँकरच्या पाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या शहरात डोक्याच्या प्रत्येक तक्रारीचं खापर त्याच्यावर फुटतं. जड पाण्याने त्वचा कोरडी पडू शकते, पण नायटा त्याने होत नाही. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लहानथोरांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हाही आधी पाणी आणि बुरशी यांच्यावरच संशय होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. रक्त, केस आणि धान्य तपासलं म्हणून तिथवर पोचता आलं.

नायट्याचं मात्र एका ओळीत भागणार नाही. लहान मुलांच्या डोक्याच्या तक्रारींत सर्वांत जास्त नुकसान या आजाराबाबतच्या गैरसमजाने होतं.

आमच्या मालीशवाल्या मावशींचा नातू सहा वर्षांचा. मेमध्ये त्याच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडला. पांढरट कोंडा, मधले केस मुळाशी तुटून काळे ठिपके राहिलेले. घरात ठरलं, कोरडेपणा. पंधरा दिवस तेल. मग औषधाच्या दुकानातून कुणीतरी एक ट्यूब आणली. खाज थांबली, सगळे निश्चिंत झाले. तीन आठवड्यांत चट्टा तळहाताएवढा झाला आणि मानेमागे गाठी लागू लागल्या.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, नायट्याची बुरशी वाढतच राहते. भारतभर नायटा असा हट्टी होऊन बसला आहे त्यात अशा स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा मोठा वाटा आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आहेत. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती ट्यूब मावशींच्या घरी आली. याचा मला राग येतो.

डोक्यातल्या नायट्याला साधं मलमही पुरत नाही. बुरशी केसाच्या आत, मुळापर्यंत शिरलेली असते, मलम तिथवर पोचत नाही. औषध पोटातूनच द्यावं लागतं. १९५८ मध्ये ग्रिसिओफल्विन वापरात येण्यापूर्वी या रोगासाठी मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून केस गाळत असत. त्यातल्या कित्येकांना पुढे गाठी आणि कर्करोग झाले. आज गोळ्या किंवा पातळ औषध आहे, आणि तरीही आपण ट्यूब चोळतो. कधी तो भाग सुजून पूभरल्या गळवासारखा मऊ होतो. तेव्हा तो कापून घेऊ नका. तीही त्याच बुरशीवरची प्रतिक्रिया असते.

शेवटी मावशी नातवाला घेऊन सकाळच्या लोकलने मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात गेल्या. तिथे चट्ट्यावरचे दोन-तीन तुटके केस चिमट्याने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, निदान तिथेच झालं. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासली. धाकट्या बहिणीच्या डोक्यातही लहानसा चट्टा सापडला. कंगवे, टोप्या, उशीचे अभ्रे वेगळे करायला सांगितले आणि सहा ते आठ आठवडे औषध. डॉक्टरांनी बजावलं, बरं दिसलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही, आणि हे औषध स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायचं, तरच अंगात नीट उतरतं.

मग मावशी रोज दुपारी गरम भातावर चमचाभर तूप घालून पोराला जेवू घालायच्या आणि वर गोळी. गणपतीत भेटल्या तेव्हा त्याला माझ्यासमोर उभं करून त्यांनी त्याचं डोकं वाकवलं. चट्ट्यावर बोटाला टोचतील असे खुंट उगवले होते. परवा आमच्या इमारतीतल्या नव्या बाळाच्या अंघोळीला त्या आल्या, तेव्हा तेलाच्या वाटीशेजारी शाम्पूची लहान बाटली होती. आजी म्हणाल्या, ‘‘अगं, टाळूवरचं तेल धुतेस काय?’’ मावशी पाणी ओतत म्हणाल्या, ‘‘धुते, आई. टाळू तिची ती भरेल.’’