कॅमेऱ्याची बॅग घेताय? आधी वजन, पाऊस आणि रस्ता बघा

तुळशीचं लग्न लागलं की गावोगावच्या फोटोग्राफरची धावपळ सुरू होते. सकाळी एका गावात हळद, दुपारी दुसऱ्या तालुक्यात लग्न आणि मधला प्रवास दुचाकीवर, नाहीतर एसटीने. हप्त्यावर घेतलेला कॅमेरा सगळ्यात जास्त धोक्यात असतो तो याच प्रवासात. लेन्स आपटली तर ऐन सराईत काम थांबतं. म्हणून बॅग घेताना दिसण्यापेक्षा पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

आधी सामान मांडा

रोज लागणारं सामान सतरंजीवर मांडा. कॅमेरा साधारण पाऊण किलो, ७०-२०० ची मोठी लेन्स दीड किलोच्या आसपास, दुसरी झूम लेन्स, फ्लॅश, चार्जर आणि बॅटऱ्या धरल्या तर वजन सहज चार किलोवर जातं. त्यात बॅगेचं स्वतःचं वजन वेगळं. एका खांद्यावरची बॅग एक कॅमेरा, एक लेन्स असेल तर ठीक. त्याहून जास्त सामान असेल तर दोन्ही खांद्यांवर येणारी, कमरेला पट्टा असलेली बॅगच बरी. फार मोठीही नको. रिकाम्या जागेत सामान हलतं आणि एकमेकांवर आदळतं.

दुचाकीवर पाठीलाच

बॅग कॅरियरला बांधू नये. खड्ड्यांचे हादरे थेट लेन्सला बसतात. पाठीवर असली की बरेचसे हादरे अंग झेलतं. हे मोबाईललाही लागू आहे. मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलच्या कंपनांमुळे आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. कॅरियरला बांधायचाच तर ट्रायपॉड बांधा. एसटीत बॅग वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घ्यावी. पाठीकडच्या बाजूने उघडणारी चेन असेल तर गर्दीत कुणाला मागून हात घालता येत नाही.

पाऊस आणि बुरशी

बॅगेवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलं असेल तर ती फक्त थोडे शिंतोडे सोसते. जोराच्या पावसात चेन आणि शिवणीतून पाणी आत जातंच. त्यामुळे रेनकव्हर हवंच, शिवाय आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवावी. आषाढी वारीत काम करणाऱ्यांना तर ती लागतेच.

घरी आल्यावर ओल्या बॅगेत कॅमेरा तसाच ठेवू नये. दमट, अंधाऱ्या जागी लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि ती काढणं खर्चिक असतं. बॅग उघडून सावलीत वाळवा. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा धरून बसलेत असं समजा आणि बदला.

भंडारा, गुलाल, धूळ

जेजुरीचा भंडारा असो की जोतिबाचा गुलाल, ही पूड चेनच्या फटीतूनही आत जाते. अशा ठिकाणी बॅग उघडीच ठेवायला लागू नये म्हणून हाताशी लागणाऱ्या वस्तूंना बाहेर वेगळा कप्पा हवा. लेन्स शक्यतो गर्दीबाहेर जाऊन बदला. परतल्यावर बॅग रिकामी करून झटका. नाहीतर हीच पूड पुढच्या लग्नात कॅमेऱ्यात जाते.

विमानाने जायचं असेल तर

जादा लिथियम बॅटऱ्या विमानात मोठ्या सामानात देता येत नाहीत. त्या जवळच्या बॅगेत, टोकं झाकून न्याव्या लागतात. १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले एमएएच, भागिले १०००. ७.२ व्होल्ट, २००० एमएएचची बॅटरी १४.४ वॅट-अवरची होते. ड्रोनची बॅटरी मात्र मोठी असते, ती आधी तपासावी.

कमी पैशात काय?

नवी बॅग परवडत नसेल तर कप्पे असलेली फोमची गादी वेगळी मिळते. ती जुन्या, दणकट दप्तरात बसवली तरी काम भागतं. आत कॅमेरा आहे हे कुणाला कळतही नाही. दुकानात जाताना मात्र स्वतःचं सामान घेऊन जा, बॅगेत भरा, पाठीवर घेऊन दहा मिनिटं फिरा. पट्टा रुततोय का, चेन अडकतेय का, पट्ट्याची शिवण दुहेरी आहे का, हे तिथेच समजतं.

आणि काम झालं की मेमरी कार्ड बॅगेत नको, ते आतल्या खिशात ठेवा. बॅग हरवली तर कॅमेरा परत घेता येईल, पण कुणाचं लग्न परत लावता येणार नाही.