लगद्याच्या आयातीचे आकडे : भारत आणि चीन

जामनेरच्या बाजारात एका शेतकऱ्याला कापसाचे दुसऱ्यापेक्षा दुप्पट पैसे मिळाले, एवढ्यावरून त्याचे पीक दुप्पट आले असे कोणी म्हणणार नाही. वजन किती, भाव कोणत्या दिवसाचा, धागा कसा, ओल किती, हे विचारल्यावाचून रकमेस अर्थ येत नाही. लाकडाच्या लगद्याच्या आयातीचे आकडेही याच दृष्टीने वाचावयास हवेत. ‘देश इतक्या कोटींचा लगदा परदेशातून आणतो, तेव्हा बांधावर निलगिरी लावा,’ असे कोणी शेतकऱ्यास सांगू लागल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यास त्या रकमेची फोड करून दाखविता आली पाहिजे.

प्रथम माल कोणता, ते पाहावे. जकातीच्या वर्गीकरणात लगदा ४७ व्या प्रकरणात येतो. परंतु त्याच प्रकरणात ४७०७ या क्रमांकाखाली रद्दी कागदही मोडतो. भारत रद्दी फार मोठ्या प्रमाणावर आणतो. त्यामुळे संपूर्ण प्रकरणाची बेरीज घेतली, तर लाकूड न लागणारा मालही लाकडाच्या नावावर चढतो. कागदाचा लगदा बहुतांशी ४७०३ मध्ये मिळतो. ४७०२ मधील लगदा विरघळवून त्याचे कृत्रिम रेशीम, म्हणजे व्हिस्कोज, काढतात. हा धागा कापसाशी स्पर्धा करतो, म्हणून खानदेशच्या कापूस उत्पादकाने तो आकडा निराळा पाहावा हे बरे.

दुसरी गोष्ट भावाची. निलगिरीच्या शुभ्र लगद्याचा भाव चीनच्या बाजारात २०२० साली टनास ५०० डॉलरच्या खाली उतरला होता. २०२२ साली तो ८०० डॉलरच्या वर गेला. या दोन्ही वर्षी चीनने सुमारे ३ कोटी टन लगदा आणला. वजन किंचित घटले, पण मूल्य मात्र वाढले. शिवाय चीनचे वर्ष जानेवारीपासून मोजतात, तर भारताचे आकडे बहुधा एप्रिल ते मार्च या वर्षाचे असतात. रुपयांतील आकड्यात चलनाची घसरणही मिसळलेली असते.

भारताचे लगद्याचे आयात-मूल्य चीनच्या मानाने अगदी थोडे आहे. यावरून भारत स्वयंपूर्ण आहे असे समजणे चूक होईल. भारतात दरडोई कागद वर्षास सुमारे १५ किलो लागतो, चीनमध्ये ७० किलोंहून अधिक. चीनमध्ये पूर्वी गव्हाचे काड व भाताचा पेंढा यांचा लगदा करणारे असंख्य लहान कारखाने होते. त्यांच्या काळ्या सांडपाण्याने नद्या नासल्या, म्हणून १९९० नंतरच्या काळात ते मोठ्या संख्येने बंद करण्यात आले. २०२१ पासून रद्दीची आयातही थांबली. ती तूट लाकडाच्या लगद्याने भरून काढावी लागली. (पऱ्हाट्यांचाही लगदा होतो, पण तो हलका, पसरट माल गोळा करून वाहून नेण्याचा खर्च आडवा येतो.)

जवळचे उदाहरण भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील नेपानगरचे आहे. तेथे १९५५ साली वृत्तपत्राचा कागद निघू लागला. त्यापूर्वी तो सर्व परदेशातून येई. सलईचे लाकूड व बांबू यांवर उभारलेला हा कारखानाही पुढे रद्दीकडे वळला. कारखाना जवळ आहे म्हणून तो लाकूड घेईलच, असे गृहीत धरता येत नाही.

१९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने कारखान्यांनी शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून लाकूड मिळवावे असे म्हटले आहे. तथापि एक टन शुभ्र लगद्यास सुमारे दोन टन पूर्ण वाळलेले लाकूड लागते, आणि ओले लाकूड त्याहून पुष्कळ अधिक. आयात लगद्याच्या भावात रसायने, इंधन, जहाजभाडे व विमा हे सर्व आलेले असते. तेव्हा बांधावर झाडे लावण्यापूर्वी शेतकऱ्याने खरेदीदारास विचारावे : भाव सालीसकट की सोललेल्या लाकडाचा, ओल किती धरणार, तोडणी कोणाकडे, वजन कोणत्या काट्यावर, आणि गाडीभाडे कोण देणार. उत्तरे लेखी घ्यावीत.