साप चावल्यावर रक्त का गोठत नाही?

भातलावणी सुरू झाली की पेण-रोह्याकडे फुरसे, घोणस चावल्याचे रुग्ण येऊ लागतात. चावलेल्या जागेतून रक्त थांबत नाही, हिरड्यांतून येते, लघवी लाल होते.

आपले यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन बनवून रक्तात सोडते. जखम झाली की त्याचेच धागे होतात, त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी धरते. या सापांचे विष हे प्रथिन अंगातल्या अंगात खर्च करून टाकते.

तपासणी अगदी साधी आहे. २ मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या (प्लॅस्टिकच्या नव्हे!) नळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे. नळी कलती केल्यावर ते पातळच वाहिले, तर सापाची लस द्यावीच लागते.

"लस दिली, तरी नळीतले रक्त पातळच कसे?" असे नातेवाईक घाबरून विचारतात. लस विष निकामी करते, पण संपलेले फायब्रिनोजेन यकृतालाच नव्याने बनवावे लागते. त्याला सुमारे ६ तास लागतात, म्हणून तेवढ्या वेळाने चाचणी पुन्हा करतात. या मधल्या वेळात रुग्णाला उठवून भगताकडे नेणारेही असतात. तेवढे मात्र करू नका.