मोजणीच्या वेळी जेवायला गेलेले पाहुणे

अझरबैजानच्या राजधानीत, बाकूला, मी गेलो तो एका अहवालाच्या नावामुळे. ‘युरोपियन स्टॅबिलिटी इनिशिएटिव्ह’ या संस्थेने 2012 मध्ये ‘कॅव्हियार डिप्लोमसी’ नावाचा अहवाल काढला. अझरबैजानचं सरकार युरोपातल्या खासदारांची कशी बडदास्त ठेवतं, आणि तेच खासदार तिथल्या निवडणुकांना कसं प्रशस्तिपत्र देऊन जातात, याची ती हकिगत. लाच म्हणून कॅव्हियार, म्हणजे माशाची अंडी! पुढच्याच वर्षी, 9 ऑक्टोबर 2013 ला, तिथं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती.

निकाल आदल्या दिवशीच लागला. निवडणूक आयोगाच्या मोबाइल अ‍ॅपवर राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव 72.76 टक्के मतांनी विजयी झाले होते. चाचणीसाठी भरलेली जुनी आकडेवारी चुकून बाहेर गेली, असा खुलासा झाला. उमेदवारांची नावं मात्र त्याच निवडणुकीतली होती.

मतदान केंद्र शाळेत. ओळखपत्र, सही, शाई, मतपत्रिका, पारदर्शक पेटी. शाई आपल्यासारखी नखावर मिरवायची नाही. ती दिसतच नाही. दारातला माणूस खास दिव्याखाली बोट धरतो आणि सांगतो, तुम्ही अजून मत दिलेलं नाही. म्हणजे सगळी भिस्त त्या माणसावर.

मग गाडीतून निरीक्षक उतरले. गळ्यात ओळखपत्रं, सोबत दुभाषी मुलगी. कांदेपोह्यांना आलेल्या लांबच्या काकांसारखे ते खोलीभर कौतुकानं पाहत होते. होकार घरूनच ठरवून आणलेला. केंद्रप्रमुखांना विचारलं, सगळं ठीक? केंद्रप्रमुख म्हणाले, ठीक. लिंबाचा चहा झाला, मुरंबा झाला, फोटो झाले. टीव्हीवाल्यांनी माइक पुढे केला तेव्हा त्यातले एक गृहस्थ म्हणाले, मतदान शांततेत आणि शिस्तीत चाललंय. ते खोटं नव्हतं. शिस्त होतीच.

मी त्या मुलीला विचारलं, “हे लोक मोजणीला थांबणार ना?”

“तेव्हा जेवण आहे,” ती म्हणाली. तिरकस नाही, दिवसाचं वेळापत्रक सांगावं तशी.

ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण मोजणी पाहिल्याशिवाय निरीक्षकाचं काम पुरं होत नाही. ओएससीई या युरोपीय सुरक्षा संघटनेचं निवडणूक कार्यालय आहे, ओडीआयएचआर. त्यांचे काही निरीक्षक मतदानाच्या कितीतरी आठवडे आधी देशात येऊन राहतात. कुणाचा अर्ज का फेटाळला, सभेला मैदान कुणाला मिळालं, हे टिपत बसतात. मतदानाच्या दिवशी दोघादोघांच्या जोड्या केंद्रं फिरतात. रात्री पेटी टेबलावर उलटी होते तेव्हाही ते तिथंच, हातात प्रश्नावली. नीट पाहू दिलं नाही, तर तीही नोंद. कंटाळवाणं, पाय दुखवणारं काम आहे, आणि त्याला जेवण नाही.

त्या प्रश्नावल्यांतून आकडा निघाला: 58. त्यांनी पाहिलेल्या केंद्रांपैकी 58 टक्के केंद्रांत मोजणी वाईट किंवा अतिशय वाईट. 37 केंद्रांत पेटीत गठ्ठ्यानं मतं कोंबल्याच्या खुणा. दुसऱ्या दिवशी पथकप्रमुख ताना दे झुलुएता हे सांगत असताना सरकारधार्जिणे पत्रकार ओरडत होते. अलियेव यांना 84 टक्क्यांहून अधिक मतं पडली होती. अ‍ॅपनं उलट कमीच सांगितली म्हणायची.

त्याच दिवशी युरोप परिषदेची संसदीय सभा आणि युरोपीय संसद यांच्या पथकांनी संयुक्त निवेदन काढलं: प्रक्रिया मुक्त, न्याय्य, पारदर्शक. इतरही पाहुणे होतेच. त्यांत अमेरिकेचे माजी खासदार. सरकारला 58 खोटं पाडायची गरजच नव्हती. बाकीच्या कौतुकात ते एका नाराज पाहुण्याचं मत ठरलं, की भागलं. म्हणून तर एवढी माणसं बोलवायची.

2018 मध्ये त्या संसदीय सभेनं नेमलेल्या स्वतंत्र चौकशीत लाचखोरीचे दाट संशय नोंदले गेले. काही माजी सदस्यांना परिषदेच्या आवारात कायमची बंदी झाली. निवडणूक केव्हाच पचली होती.

घरचे निरीक्षक मात्र परत जाऊ शकत नाहीत. अनार मम्मदली यांच्या संस्थेनं त्या निवडणुकीवर देशभर नजर ठेवली होती आणि ती लोकशाहीच्या निकषांत बसत नाही, असं म्हटलं. डिसेंबर 2013 मध्ये त्यांना अटक झाली. मे 2014 मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा. त्याच सप्टेंबरात, ते तुरुंगात असताना, संसदीय सभेनं त्यांना वाच्लाव हावेल मानवाधिकार पुरस्कार दिला. होय, त्याच सभेनं. 2016 मध्ये ते सुटले, आणि एप्रिल 2024 मध्ये पुन्हा पकडले गेले.